कोपरा फाटलेलं कार्ड

गुलाब, काल दुकानात एका बाईला मांजरपाट मोजून देत होतो. तोंडातल्या तोंडात नेहमीसारखं स्पॅनिशमध्ये मोजत होतो, उनो, दोस, त्रेस. पाचावर आलो आणि पुस्तकातल्यासारखा 'थिंको' म्हणालो. लगेच तुझा आवाज आला, 'सिंको.' गल्ल्याशेजारच्या बाकावरून, जिथे तू छापखान्याच्या सुट्टीत येऊन बसायचास तिथून. माझ्या हातातला गज थांबला. बाई म्हणाली, काऊन शेठ, काय झालं? मी काही नाही म्हटलं आणि पुन्हा एकपासून मोजलं. खरं सांगतो, थिंको मी मुद्दाम म्हणालो होतो. तू येतोस का ते पाहायला.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. छापखान्याच्या लोकांनी शोकसभा घेतली. तुझ्याइतका शुद्ध खिळे जुळवणारा जुळारी वर्ध्यात नव्हता, तुझ्या पानात चूक सापडत नसे, असं सगळे बोलले आणि ते खरंच होतं. पण तुला स्पॅनिश येत होतं हे कोणी बोललं नाही, कारण कोणाला ते माहीतच नव्हतं. मी उठून सांगायला हवं होतं. मी खाली मान घालून बसलो. या जिल्ह्यात ती भाषा बोलणारी माणसं दोन होती. आता एक आहे, आणि एकट्याने भाषा बोलता येत नाही, नुसतं बडबडता येतं. माझी बायको म्हणते, तुम्ही आजकाल भिंतीशी बोलता. भिंतीशी नाही बोलत, हे तुला माहीत आहे.

एल्विराबाईंची पहिली भेट आठवते ना? आश्रमात अर्जेंटिनाहून एक पाहुणी आली होती, रोझारिओ गावची, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. सूत कातायला शिकण्यासाठी कोणी समुद्र ओलांडून येतं याचं आमच्या बाजारात मोठं हसू झालं होतं. मी पडद्याचं कापड पोचवायला गेलो होतो आणि तू कसल्याशा पुस्तिकेचं प्रूफ घेऊन आला होतास. बाई कडुलिंबाखाली टकळी घेऊन बसल्या होत्या. धागा तुटला तशी त्या काहीतरी पुटपुटल्या. ती शिवी होती हे सांगायला कोणाची गरज नव्हती. तू हसलास आणि खुणेने विचारलंस, याचा अर्थ काय. त्यांनी तो सांगितला नाही. त्याऐवजी तुटका धागा वर धरला आणि म्हणाल्या, 'इलो.' इलो म्हणजे सूत. आपला पहिला शब्द तो.

मग ठरलंच. रोज संध्याकाळी पाच शब्द त्या देणार आणि पाच तू देणार. मी आपला मधला दुभाषा, थोड्या इंग्रजीच्या जोरावर. पण दुभाष्याची गरज पंधरा दिवसांत संपली, कारण तुझी रीत वेगळी होती. कानाने ऐकलेला शब्द तू छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत खिळ्यांनी जुळवायचास, देवनागरीत, ऐकला तसा. त्याची पट्टी छापून आणायचास आणि कणकेची लई लावून वहीत चिकटवायचास. शिकणारे लिहून घेतात, तू छापून घेतलंस. बाईंना त्या वहीचं फार कौतुक. त्यांना स्वतःची भाषा अशी रेघेला टांगलेल्या अक्षरांत पाहून हसू यायचं, आणि मग त्या बोट फिरवून त्या अक्षरांवरून वाचायला शिकल्या.

आणि तू त्यांना काय शिकवलंस? त्या सोमवारच्या बाजारात उभ्या राहून म्हणाल्या, 'मले भेदरं पाह्यजे.' बाजार जागच्या जागी थांबला. भाजीवालीने त्यांना पिशवीभर भेदरं दिली. मला ते पाहवेना. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की शुद्ध बोलायचं तर 'मला टोमॅटो हवेत' म्हणावं. त्यांनी शांतपणे विचारलं, इथे असं कोण म्हणतं? इथे तसं फक्त मी म्हणत होतो. पुण्याला दोन वर्षं कॉलेजात होतो तेव्हा खानावळीतल्या पोरांनी माझ्या 'मले-तुले'ची इतकी टर उडवली की मी जीभच बदलून आलो. आमचे वडील म्हणायचे, पोरानं पुण्याहून डिग्री नाई आणली, 'मला' घेऊन आला.

त्याच मी पुढे पुस्तक मागवलं. मुंबईच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून, लंडनला छापलेलं, 'घरबसल्या स्पॅनिश' अशा थाटाचं. त्यात सगळं वेगळंच निघालं. बाई घोड्याला 'काबाझो' म्हणत, पुस्तक म्हणे 'काबाल्यो'. बाई आभार मानताना 'ग्रासियास' म्हणत, पुस्तकात जीभ दातात धरून 'ग्राथियास'. मला कोण आनंद झाला. मी लाल पेन्सिल घेऊन तुझी अख्खी वही दुरुस्त केली. तू वही परत घेतलीस, पानं चाळलीस, आणि प्रुफातली एकही दुरुस्ती उचलली नाहीस. जन्मात पहिल्यांदा.

तिथून जे भांडण सुरू झालं ते चार वर्षं चाललं. मी म्हणायचो की ज्या देशात भाषा जन्मली तिथलं खरं, बाकीचं बिघडलेलं. तू म्हणायचास,

"बुकात आहे ते बुकाचं, भाऊ. बाईच्या तोंडात आहे ते जितं आहे. जितं सोडून छापलेलं काऊन धरू? छापतो तं मीच."

मी चिडायचो. तू बिडी विझवून कामावर निघून जायचास.

पण त्या भांडणाच्या तळाशी काय होतं ते मला फार उशिरा कळलं. पुस्तकात समोरच्याला 'तू'च म्हणतात, अगदी आपल्यासारखा उच्चार. मला त्याची गंमत वाटली, मी तुला म्हटलं, आता तरी मला तू म्हण. तू ओठ हलवलेस आणि थांबलास. आम्ही कापडवाले, तुम्ही गावाच्या कडेचे. मी तुला पहिल्या दिवशीच तू म्हणालो होतो, ते मला कधी खटकलं नाही. तू मला 'तुमी' आणि 'मनोहरभाऊ' सोडून काही म्हटलं नव्हतंस. दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलास, पांढरी टोपी घालून दुकानात ताठ बसलास, तरी मराठीत जीभ 'तुमी'वरच राहिली. बाईंच्या गावात मात्र तू नसतंच. तिथे 'वोस' म्हणतात. आणि वोस तू मला पहिल्या आठवड्यापासून बिनधास्त म्हणायचास. 'वोस, पाणी दे. वोस, चुकतोस तू.' त्या शब्दाला आपल्याकडची जुनी सवय चिकटलेली नव्हती. मी लाल पेन्सिलीने तोच शब्द सगळीकडे खोडला होता.

स्टेशनवरची गोष्ट तर मी आजही कोणाला सांगत नाही. बाई परत गेल्यावर कळलं की स्पेनमधले एक पाद्री मद्रासकडे जाताना आपल्या स्टेशनात उतरून गाडी बदलणार आहेत. मी तुला ओढत नेलं. म्हटलं, आता खुद्द स्पेनच्या माणसाच्या तोंडून ऐक. पाद्री वयस्कर, घामाघूम. तू त्यांना चहा दिलास. त्यांनी कप घेतला आणि म्हणाले, 'ग्रासिया.' थ तर सोडाच, शेवटचा स सुद्धा गिळला. दक्षिणेकडल्या काडिझ बंदराचे होते, तिकडे असंच बोलतात म्हणे. त्यांनी तुला विचारलं, रोझारिओचा वास कुठून आला तुझ्या बोलण्याला? तू हसलास. परत येताना टांग्यात तू घोड्याकडे बोट दाखवून हळूच म्हणालास, 'काबाझो.' माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आज हसू येतं.

आता पुढचं सांगायचं आहे, आणि त्यासाठीच हे लिहितोय. इतका वेळ गमती सांगत बसलो ते मूळ गोष्ट लांबवायला. तू हे ओळखलं असशीलच.

बाईंची पत्रं माझ्या दुकानाच्या पत्त्यावर यायची, कारण तुमची सिंदी मेघेची खोली कधी बदलेल याचा भरवसा नव्हता. आपला करार होता, तिकिटं माझी, मजकूर तुझा. मी तिकिटं जमवतो हे अख्ख्या बाजाराला माहीत. पाकीट आलं की कात्रीने कोपरा कापायचो, पत्र तुझ्यापुढे ठेवायचो, आणि आपण दोघं मिळून वाचायचो. दीक्षेनंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पाकिटाऐवजी कार्ड आलं. एका बाजूला नदीचं आणि बोटींचं चित्र, दुसऱ्या बाजूला बारीक अक्षर, काठोकाठ. तू अल्लीपूरला मामाकडे गेला होतास. मी तुझी वाट पाहिली नाही, उभ्या उभ्या वाचलं.

त्यात काय होतं ते शेवटी सांगतो. एवढंच सांगतो की त्यात तुला बोलावणं होतं, आणि माझंही नाव होतं. मला हेवा वाटला. हा शब्द लिहायला दीड वर्ष लागलं. लंडनचं पुस्तक माझं, कॉलेज माझं, इंग्रजी माझं, आणि बोलावणं तुला. हेव्याच्या मागोमाग भीती आली, की हा गेला तर मी इथे कोणाशी बोलू. कात्री गल्ल्यावरच होती. तरी मी तिकीट हाताने ओढलं, कार्डाचा कोपरा त्यासकट फाटून आला. ते तुझ्यासमोर वाचण्याची माझी हिंमत नव्हती, तोंडावर सगळं दिसलं असतं. म्हणून सायकल काढली, सिंदी मेघेला गेलो, ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेल्या तुझ्या मायच्या हातात कार्ड दिलं आणि थांबलो नाही.

मी इथलाच. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला हवं होतं का? मयताची खबर असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात, वर श्री घालत नाहीत. असं कार्ड घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचून तिथेच फाडून टाकतात. तुझ्या मायला वाचता येत नव्हतं. तिला दिसला तो फाटका कोपरा, आणि चित्रावरून कळलं की कार्ड बाईंच्या देशातून आलंय. तिने ओट्यावरच त्याचे दोन तुकडे केले. दीक्षेनंतर तू घरातले देवांचे सगळे टाक नदीत सोडले होतेस, या रीतीवरूनही तिच्याशी वाद घातला होतास. ती म्हणाली होती, देव सोडले मी, मरणाची रीत कशी सोडू.

दुसऱ्या दिवशी तू दुकानात आलास. बाकावर बसलास आणि टोपी काढून मांडीवर ठेवलीस. त्यांच्या भाषेतलं 'बाई' लावून म्हणालास, "दोन्या एल्विरा गेल्या, भाऊ. चिठ्ठी आलती. मायनं फाडली."

एका क्षणात माझ्या लक्षात आलं, काय झालं ते. बोलायला तोंड उघडलं. तू रडत होतास. तुला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. अरे, बाई जिवंत आहेत, तिकीट मी फाडलं. पण त्या वाक्याच्या मागून पुढचं वाक्य आलं असतं, मग कार्डात काय होतं? मी मनात म्हटलं, उद्या सांगू. तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागवला. बस्स, एवढंच माझं पाप. त्यातली खरी चूक एका दिवसाची होती. बाकी दीड वर्ष मी नुसता गप्प राहिलो.

आणि त्या रविवारी तू काय केलंस, आठवतं? आश्रमातल्या त्याच कडुलिंबाखाली मला घेऊन गेलास. मेणबत्ती लावलीस. आधी त्रिशरण म्हटलंस, मग वही उघडून पहिल्या पानापासून बाईंनी दिलेले शब्द वाचत गेलास. इलो. आग्वा. काबाझो. प्रत्येक शब्द मी मागून म्हणायचा, असं तू सांगितलंस. एका जित्याजागत्या बाईच्या नावाने आपण दोघांनी अडीचशे शब्द म्हटले. वाऱ्याने मेणबत्ती दोनदा विझली, दोनदा तू पेटवलीस. मला वाटलं, तिसऱ्यांदा विझली तर सांगून टाकीन. ती विझली नाही.

त्या दिवसापासून मी काबाझो म्हणू लागलो. ग्रासियास म्हणू लागलो. पुस्तक माळ्यावर टाकलं. तुला वाटलं, मी बाईंच्या आठवणीसाठी हट्ट सोडला. तू माझा हात हातात घेऊन म्हणालास, वोस, तू मोठ्या मनाचा आहेस. स्पॅनिशमध्ये म्हणालास. एखाद्याने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

नंतर तुझा खोकला सुरू झाला. शिशाच्या खिळ्यांचा धुरळा म्हण किंवा तुझ्या बिड्या म्हण, डॉक्टरांनी क्षय सांगितला. इस्पितळात मी रोज यायचो. आपण सगळं बाईंच्या भाषेत बोलायचो, त्यामुळे शेजारच्या खाटेवरचा म्हातारा समजायचा की तू वातात बरळतोयस आणि मी तुला बरं वाटावं म्हणून मान डोलावतोय. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तू कुशीवर माझ्याकडे वळलास. मग विचारलंस, वोस, मला काही सांगायचं राहिलंय का तुझं? मी म्हटलं, 'नादा.' काही नाही. तू डोळे मिटलेस. म्हणालास, बरं.

तू गेलास. तुझ्या मायने मला बसवून नातेवाईकांना कार्डं लिहायला लावली. मी एकेक लिहून तिच्याकडे द्यायचो आणि ती कोपरा फाडायची. चौदा कार्डं. तो आवाज माझ्या कानातून जात नाही. दुकानात ठाण फाडताना तोच आवाज येतो, आणि मी दिवसभर ठाणं फाडतो.

मागच्या बुधवारी बाईंचं पत्र आलं. पाकीट होतं, तुझ्या नावाचं. तिकिटाला मी हात लावला नाही. बाईंनी लिहिलं होतं की तुझं उत्तर आलं नाही, त्यांनी ते मान्य केलं, पण आता म्हातारपण आलंय आणि एकदा विचारावंसं वाटलं, तू रागावलास का? त्यांच्या हातून काही चुकलं का? पत्र वाचून मी दुकान बंद केलं. भर बाजारात, दुपारी. शेजारच्यांना वाटलं, घरात कोणी गेलं.

बाईंना लिहायचं होतंच. पण त्याआधी एक माणूस होतं, ज्याच्या हातून कार्ड फाटलं आणि ज्याला माहीतच नव्हतं की त्याने काय फाडलं. तिला सांगू की नको? सांगितलं तर तुझ्या मायच्या डोक्यावर जन्माचं ओझं. नाही सांगितलं तर मी पुन्हा तोच, चहा मागवणारा. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अल्लीपूरची मोटार धरली. ती आता तिथे भावाकडेच असते.

ती अंगणात चुलीपुढे बसली होती. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, बसलो असतो तर गप्प बसलो असतो. म्हटलं, मावशी, ते परदेशाचं कार्ड तुम्ही फाडलं होतं ना, ते मयताचं नव्हतं. कोपरा मी फाडला होता. बाई जिवंत आहेत.

तिने फुंकणी खाली ठेवली. मला वाटलं, आता रडेल.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "फाडलं, पण फेकलं नाई. चित्र चांगलं होतं नदीचं, मंग डब्यात ठेवलं. महिन्याभरानं गुलाबले सापडलं. त्यानं लई करून चिकटवलं."

ती आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात कार्ड होतं. दोन तुकडे तू असे जोडले होतेस की नदीवरच्या बोटींची एक दोरीही तुटलेली नव्हती. फाटक्या कोपऱ्याला मात्र तू ठिगळ लावलं नव्हतंस. मी तिथेच मातीत बसलो.

म्हणजे तुला कळलं होतं. मेणबत्तीनंतर महिन्याभरात कळलं होतं. कोपऱ्यावरचं तिकीट कोणाकडे जातं हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? बाईंना उत्तर द्यायला तेव्हा अजून वेळ होता. तू दिलं नाहीस. त्यांच्या बोलीत माझ्याशी बोलत राहिलास, माझ्या बाकावर येऊन बसत राहिलास. का, गुलाब? खोकला तेव्हाच सुरू झाला होता का? मायला सोडवेना का? की मी बोलायची वाट पाहत होतास? मला तुझाही राग येतो. तुलाही एक वाक्य बोलता आलं असतं. माझं तोंड बंद होतं, तुझं काय झालं होतं? पण मग इस्पितळातली ती दुपार आठवते. तू विचारलं होतंस. तुझ्या परीने तू दार उघडं ठेवलं होतंस.

मी तुझ्या मायला विचारलं, तो काही बोलला होता का. ती म्हणाली,

"मी पुसलं त्याले, काय लिवलं आहे म्हणून. म्हणे, माय, बाई बरी आहे. बाकीचं मनोहरभाऊले माहीत आहे, ते सांगतीन कधी ना कधी." मग तिने कार्ड माझ्या हातात दिलं. "वाचा आता."

मी वाचलं. बाईंची भाषा पुण्याच्या मराठीत आणायला गेलो आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळलो. ती बाई तशी बोलत नव्हती, ही माय तसं ऐकत नव्हती. मग पुण्याला जाण्याआधीची माझी जीभ आपोआप परत आली. मी वाचत गेलो.

"गुलाब, माह्या भावाचा इथं छापखाना आहे. त्याले अक्षर जुळवणारा माणूस पाह्यजे. मी त्याले तुही वही दाखवली. जहाजाचं तो पाहीन. मायले विचारजो. मनोहरले विचारजो. त्याले वाईट वाटन, लय वाईट वाटन, पण तो तुले जाय म्हणन. जूनच्या आत कळवजो. नाई कळवलं तं मी समजीन का तुह्या मनात नाई, मंग मी काही म्हणणार नाई. येजो, पोरा. मी वाट पाहून राह्यली."

चुलीतलं लाकूड विझत आलं होतं. तुझ्या मायने ते पुढे सारलं नाही.

"मंग तुमी म्हटलं का त्याले," तिने विचारलं, "जाय म्हणून?"

"नाई, मावशी. मी नाई म्हटलं."

तिने मान हलवली. रागावली नाही, समजूतही घातली नाही. कार्ड घेऊन डब्यात ठेवलं, झाकण दाबून बसवलं. मग म्हणाली, "बाईले चिठ्ठी लिवा. कोपरा मी फाडीन."

पत्र तिथेच, तिच्या ओट्यावर बसून लिहिलं. सगळं लिहिलं, तू गेल्याचं, तिकिटाचं, कात्रीचं, मेणबत्तीचं. पुस्तकाला विचारलं नाही. बाईंना वोस म्हणून लिहिलं, तू वहीत जसं जुळवलं होतंस तसंच. पाकिटात घालण्याआधी तिने कागद मागितला आणि कोपरा फाडला. बाईंना त्याचा अर्थ कळणार नाही, म्हणून शेवटी एक ओळ घातली, की हा कोपरा चुकून फाटलेला नाही.

आज सकाळी ते टपालात टाकलं. दुकान उघडलं. बाकावर कोणी नव्हतं. मी मुद्दाम मोठ्याने थिंको म्हणालो, दोनदा म्हणालो. तू आला नाहीस.

निघालेल्या माणसाला आपल्याकडे जा म्हणत नाहीत, ये म्हणतात. पण बाईंनी माझ्यावर भरवसा ठेवून लिहिलं होतं आणि तू शेवटपर्यंत ऐकायला थांबलास. फार उशीर झाला रे. तरी म्हणतो.

जाय, गुलाब.